ग्लुटेनविरहित टॅको घरी करताना दुकानातली चव कशी आणावी?

प्रश्न (राजारामपुरी, कोल्हापूर)

माझ्या मुलीला सिलिअ‍ॅक आजार (गहू-बार्लीतील ग्लुटेन हे प्रथिन न सोसणे) असल्याचे निदान झाल्यापासून आमच्या घरात गहू, मैदा आणि रवा पूर्णपणे बंद आहे. भाकरी आणि भातावर रोजचे जेवण व्यवस्थित निभावते. परंतु फास्ट फूडच्या दुकानातला कुरकुरीत टॅको तिला अतिशय प्रिय होता आणि तीच चव तिला घरी मिळावी, अशी माझी मनापासून इच्छा आहे. मक्याच्या पिठाची पोळी कडेने फाटते आणि दुमडताच मधोमध तुटते. खिमाही आपल्या नेहमीच्या खिम्यासारखा मोकळा होतो. दुकानातला मात्र मऊ असतो आणि मसाला त्याला लपेटून राहतो. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर (मंगळवार पेठ)

ताई, त्या मऊपणाला ओट्सचा मोठा हातभार असतो. टॅको बेल या फास्ट फूड कंपनीच्या अमेरिकेतील बीफच्या मिश्रणात ओट्स असतात, हे कंपनीनेच २०११ मध्ये सांगितले होते. ओट्समध्ये गव्हाची भेसळ सहज होते आणि काही सिलिअ‍ॅक रुग्णांना शुद्ध ओट्सही सोसत नाहीत, म्हणून त्यांच्या जागी तांदळाची पिठी वापरावी. अर्धा किलो अगदी बारीक केलेल्या चिकनच्या खिम्यात दोन चमचे पिठी, मसाला आणि अर्धी वाटी पाणी घालून तो कच्चा असतानाच हाताने मळावा आणि मग मंद आचेवर उलथन्याने सतत फोडत शिजवावा. आपण आधी कांदा-आले परततो आणि तिथेच चव कोल्हापुरी होते. येथे आले, हळद, गरम मसाला आणि खोबरे कटाक्षाने टाळावे. आपला कांदा-लसूण मसाला कितीही लाडका असला तरी तो या पदार्थात चालणार नाही. रंगासाठी ब्याडगीची पूड, सढळ हाताने जिरेपूड, कांद्याची आणि लसणाची पावडर, ओरेगॅनो, मीठ, किंचित साखर आणि चिमूटभर कोको एवढे पुरे.

उत्तर (कसबा बावडा)

पोळी फाटते, कारण मक्यात पीठ बांधून ठेवणारे ग्लुटेन नसते. मेक्सिकोत त्यासाठी मका चुन्याच्या पाण्यात शिजवतात. त्याने साल सुटते, पीठ चिकटून येते आणि टॅकोचा तो ओळखीचा वास येतो. अर्धा किलो सुका मका (स्वीट कॉर्न नव्हे) दीड लिटर पाण्यात सुमारे ५ ग्रॅम खाण्याचा चुना कालवून पाऊण तास मंद उकळावा आणि रात्रभर तसाच ठेवावा. भांडे स्टीलचे असावे, कारण चुन्याची अ‍ॅल्युमिनियमवर प्रक्रिया होते. सकाळी दाणे चोळून साली काढाव्यात, तीन-चार पाण्यांनी स्वच्छ धुवावेत आणि शक्यतो पाट्यावर वाटावेत. मिक्सरमध्ये पाणी जास्त घालावे लागते आणि पीठ सैल होते. दुधाच्या पिशवीच्या दोन तुकड्यांमध्ये गोळा ठेवून ताटाने दाबावा, पोळी आधी तव्यावर दोन्ही बाजूंनी भाजावी आणि मगच चिमट्याने दुमडून धरत तळावी. कच्चीच तळली तर ती पुरीसारखी फुगू शकते. एवढा खटाटोप शक्य नसेल त्या दिवशी भाकरीसारखी पिठाची उकड काढावी. पोळी बऱ्यापैकी जमते, तो वास मात्र येत नाही.

उत्तर (शाहूपुरी)

कृतीइतकीच काळजी पिठाची घ्यावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे. गिरणीत गव्हानंतर लगेच मका दळला तर पिठात गहू येतोच, म्हणून घरघंटी असेल तर ती केवळ या धान्यांसाठी राखून ठेवावी. आपल्याकडे ग्लुटेनविरहित म्हणून विकल्या जाणाऱ्या पदार्थात ग्लुटेनची मर्यादा किलोला २० मिलिग्रॅम आहे. यावरून किती थोडी भेसळ बाधू शकते, हे लक्षात येईल. तयार टॅको मसाल्याच्या पाकिटावरील घटक वाचावेत आणि समोसे तळलेले तेल पुन्हा वापरू नये.

प्रश्नकर्ती

आपणा सर्वांची मी ऋणी आहे. वरून घालायचा आंबट-तिखट सॉस कसा करावा, तेवढेच सांगावे.

उत्तर (मंगळवार पेठ)

टोमॅटो प्युरीत मिरचीपूड, जिरेपूड, लसणाची पावडर, मीठ आणि थोडे पाणी घालून उकळावे, थोड्या कॉर्नफ्लोअरने दाटपणा आणावा आणि गॅस बंद केल्यावर व्हिनेगर घालावे. माल्ट व्हिनेगर बार्लीपासून बनते, त्यामुळे ते घेऊ नये. साधे पांढरे व्हिनेगर चालेल.