लेटरहेड, कार्डं, ब्रोशर, बिलबुकं: ऑफसेट की डिजिटल?

प्रश्न
भोसरीत पंपांचे सुटे भाग बनवणारा छोटा कारखाना आहे. पत्ता बदलल्यामुळे सगळी छपाई नव्याने करायची आहे: चौघांची प्रत्येकी २०० व्हिजिटिंग कार्डं, २००० लेटरहेड, दोन घड्यांची ५०० ब्रोशर आणि मालासाठी ५० बिलांची २० बिलबुकं. एक प्रेसवाले म्हणतात सगळं डिजिटलवर (प्लेट न करता थेट फाइलवरून छपाई) घ्या, दुसरे म्हणतात ऑफसेटच (रंगागणिक धातूची प्लेट करून शाईने छपाई) परवडेल. लेटरहेडवर आम्ही ऑफिसच्या लेझर प्रिंटरने कोटेशन काढतो.

छापखाना
नुसत्या नगांवर ठरवू नका, छापल्यावर त्या कागदाचं पुढे काय होणार ते आधी बघा. तुमचं लेटरहेड पुन्हा लेझरमधून जाणार, म्हणून ते ऑफसेटवरच छापा. डिजिटलचा रंग म्हणजे बहुतेक ठिकाणी टोनरच, म्हणजे उष्णतेने कागदावर चिकटवलेली रंगीत पावडर. तुमच्या प्रिंटरच्या गरम रोलरखाली तो परत वितळतो. लोगो रोलरला चिकटतो आणि त्याच पानावर ठरावीक अंतर सोडून खाली त्याची फिकट सावली उमटते. प्रेसवाल्यांना ऑर्डर देतानाच सांगा की हे लेझरमधून जाणार आहे. त्यानुसार उष्णता सोसणारी शाई वापरता येते. गठ्ठा आल्यावर आठवडाभर वाळू द्या. लोगो दोन रंगांचा असेल तर दोनच प्लेटा लागतात. १८×२५ इंचाच्या शीटवर चार ए४ बसतात, म्हणजे ५०० शीट आणि वर रंग-रजिस्ट्रेशन (रंग एकमेकांवर नेमके बसणं) जुळवताना वाया जाणारी शीट.

बिलबुकंही ऑफसेटवरच, एका रंगात, नंबरिंगसकट. साध्या कार्बनलेस कागदाला (कार्बन न घालता खालच्या प्रतीवर लिखाण उमटवणारा कागद) डिजिटल मशीनची उष्णता मानवत नाही. जीएसटीच्या नियमाने मालासाठी तीन प्रती लागतात, आणि बिल नंबर अक्षरं-आकडे मिळून जास्तीत जास्त १६चा हवा.

कागदवाला
कार्डं डिजिटलवर घ्या. चार नावं, प्रत्येकी २०० नग. १३×१९ इंचाच्या शीटवर २४ कार्डं बसतात, म्हणजे एका नावाला जेमतेम ९ शीट. त्यासाठी ऑफसेटच्या प्लेटा करायचं कारण नाही. मॅट लॅमिनेशन हवं असेल तर टोनरवर नीट धरणारी फिल्म मागा, नाहीतर कोपऱ्यांतून सुटते.

ब्रोशरचा हिशेब मांडून बघा. समजा ऑफसेटच्या प्लेटा आणि मशीन लावण्याचे २४०० रुपये, पुढे प्रत्येक नगाला ३, आणि डिजिटलला नगामागे ९. फरक ६चा, म्हणून ४०० नगांवर दोन्ही सारखे, त्यापुढे ऑफसेट स्वस्त. तुमचे आकडे दोन्ही प्रेसकडून घेऊन असेच मांडा. दर वर्षी किमती बदलणार असतील तर मात्र ५०० एकदम छापूच नका. २००-२०० डिजिटलवर काढा. डिजिटलला घडीवर गडद रंग ठेवलात तर टोनर तडकून पांढरी रेघ दिसते. क्रीझिंग (घडीच्या जागी आधी दाबून रेघ पाडणं) करून घ्या, कागदाचा धागा, म्हणजे त्यातल्या तंतूंची दिशा, घडीला समांतर ठेवा. ब्रोशर ए४ असेल तर आत वळणारं पान ९७ मिमी, बाकी दोन १००. सारखी ठेवलीत तर आतलं पान अडून फुगतं.

प्रश्नकर्ता
मग कार्डावरचा निळा आणि लेटरहेडचा निळा वेगळा दिसणार नाही का?

छापखाना
थोडा दिसेलच; कागदही वेगळा आहे. आधी लेटरहेड छापून घ्या, वाळलेली शीट डिजिटलवाल्याला नमुना म्हणून द्या आणि कार्डाच्याच कागदावर एक शीट काढायला लावा. स्क्रीनवर किंवा ट्यूबलाइटखाली नको, दाराशी उजेडात दोन्ही शेजारी धरून मंजुरी द्या. फाइलमध्ये बारीक मजकूर निव्वळ काळ्यात ठेवा. काळा चार रंगांतून बनवला असेल तर रजिस्ट्रेशन केसभर हललं तरी फोन नंबरांच्या कडा रंगीत दिसतात.