डेव्हिड डेव्हिस: वकील, आमदार आणि न्यायाधीश

प्रश्न: अमेरिकेचे अध्यक्ष अब्राहम लिंकन यांचे मित्र डेव्हिड डेव्हिस (१८१५–१८८६) यांना तेथील सर्वोच्च न्यायालयातील जागा केवळ मैत्रीमुळे मिळाली, असे म्हणणे योग्य ठरेल का?

प्रतिसाद १: मैत्रीचा वाटा नाकारता येणार नाही, कारण १८६० मध्ये शिकागोत भरलेल्या रिपब्लिकन पक्षाच्या अधिवेशनात लिंकन यांच्या अध्यक्षपदाच्या उमेदवारीची सारी सूत्रे डेव्हिस यांनीच हलवली होती. परंतु त्याआधी ते ब्लूमिंग्टन येथे वकिली करत होते, इलिनॉयच्या विधिमंडळाचे सदस्य होते आणि १८४८ पासून आठव्या न्यायिक मंडळाचे (सर्किट) न्यायाधीश म्हणून गावोगावी फिरून न्यायदान करत होते. लिंकन वकील म्हणून त्यांच्याच समोर खटले चालवत. ही शिदोरी लहान नव्हे.

प्रतिसाद २: माझ्या मते त्यांची खरी पारख मिलिगन खटल्यात (१८६६) होते. मिलिगन या इंडियानातील नागरिकाला लष्करी आयोगाने फाशीची शिक्षा सुनावली होती; जिथे नागरी (बिगरलष्करी) न्यायालये सुरू आहेत तिथे नागरिकावर लष्करी आयोगापुढे खटला चालवता येत नाही, असा निकाल डेव्हिस यांनी लिहिला. ज्या लिंकन यांनी त्यांना १८६२ मध्ये नेमले, त्यांच्याच राजवटीतील कारवाई त्यांनी घटनाबाह्य ठरवली, याबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. मग १८७७ मध्ये त्यांनी न्यायालय का सोडले?

प्रतिसाद १: इलिनॉयच्या विधिमंडळाने त्यांना सिनेटवर निवडून दिले. त्यामुळे १८७६ च्या अध्यक्षीय निवडणुकीचा वाद सोडवणाऱ्या आयोगात त्यांच्याऐवजी न्यायमूर्ती ब्रॅडली आले आणि निर्णय ८ विरुद्ध ७ मतांनी रिपब्लिकन उमेदवार हेस यांच्या बाजूने लागला.