सिएना : मित्रमैत्रिणींबरोबर घालवलेले दिवस

इटलीला जाणारे बहुतेक मराठी प्रवासी रोम, फ्लॉरेन्स आणि व्हेनिस पाहतात. मधे एखादा दिवस मोकळा सापडला, तर फ्लॉरेन्सहून बसने साधारण सव्वा तासावर असलेल्या सिएनाला सकाळी जातात आणि संध्याकाळी परततात. आम्ही चार वर्गमित्र सप्टेंबरात तेथे दोन रात्री राहिलो, आणि ज्या सिएनाने आम्हांला वेड लावले ते परतीच्या बसगाड्या निघून गेल्यानंतरचे होते. पियात्झा देल काम्पो हा तिथला मुख्य चौक शिंपल्यासारखा खोलगट आहे. दिवसभर तापलेल्या त्याच्या विटांवर रात्री नऊच्या सुमारास आम्ही पाठ टेकून पडलो होतो, तेव्हा आमच्यातला स्थापत्य अभियंता एकाएकी उठला आणि उताराच्या टोकाशी जाऊन उकिडवा बसला. पांढऱ्या दगडाच्या रेघांनी चौकाचे नऊ भाग केले आहेत, ते १२८७ ते १३५५ या काळात राज्य करणाऱ्या नऊ जणांच्या मंडळाची खूण म्हणून, एवढे आम्ही वाचलेले होते. पण सगळा उतार खाली जेथे मिळतो तेथे पावसाचे पाणी गिळणारे तोंड आहे, हे त्याने दाखवले. डोंगरावर वसलेल्या या शहराला नदी नाही. म्हणून मध्ययुगात सुमारे २५ किलोमीटर लांबीचे बोगदे जमिनीखाली खोदून पाणी आणले गेले, आणि चौकातले फोन्ते गाया हे कारंजे त्याच पाण्यावर चालले. बरोबर तो नसता, तर आम्ही आकाशाकडे बघतच उठलो असतो.

आपल्यापैकी ज्यांनी मित्रमैत्रिणींसह सिएना पाहिले आहे, त्यांनी आपला अनुभव येथे लिहावा, ही विनंती. तिकिटांचे दर कोठेही मिळतात. काय लक्षात राहिले, कशावरून मतभेद झाले आणि काय चुकले, ते वाचायला आवडेल.

निवृत्त चित्रकला शिक्षिका, सातारा

बर्न्ट सिएना हा रंग मी आयुष्यभर मुलांना शिकवला. एलिमेंटरीच्या परीक्षेला बसणारी मुले झाडाच्या खोडासाठी ती नळी पार पिळून काढत. मूळची पिवळसर तपकिरी माती भाजली की तिला हा तांबूस रंग येतो आणि त्या मातीला नाव याच शहराचे आहे, हे माहीत असूनही संध्याकाळच्या उन्हात तिथल्या भिंती पाहिल्यावर मला गहिवरून आले.

आम्ही तिघी मैत्रिणी पालात्झो पुब्लिको या नगरभवनात अम्ब्रोज्यो लोरेन्झेत्तीने १३३८-३९ मध्ये काढलेली भित्तिचित्रे पाहायला गेलो. ज्या दालनात ते नऊ जण कारभारासाठी बसत, त्याच्याच भिंतींवर चांगल्या आणि वाईट राज्यकारभाराचे परिणाम रंगवलेले आहेत. चांगल्या बाजूला गवंडी इमारत बांधत आहेत, गुरुजी मुलांना शिकवत आहेत, रस्त्यात नाच चालला आहे आणि शेतकरी माल घेऊन वेशीकडे येत आहेत. वाईट बाजूला शिंगे असलेली जुलूमशाही सिंहासनावर बसली आहे आणि गावात एकच धंदा जोरात आहे, तो शस्त्रे घडवणाऱ्याचा. आमच्यातली एक मैत्रीण जिल्हा परिषदेत पस्तीस वर्षे नोकरी करून निवृत्त झाली आहे. चित्रकलेशी तिचा काही संबंध नाही, आणि तरीही त्या दालनातून सर्वांत शेवटी तीच बाहेर पडली. निर्णय घेणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर रोज हे चित्र असावे ही कल्पनाच तिला फार मोठी वाटली, आणि मलाही वाटते.

अभियंता, मूळ सांगली, सध्या श्टुटगार्ट

आम्ही सहा जण १६ ऑगस्टच्या पालिओसाठी गेलो होतो. ही घोड्यांची शर्यत वर्षातून दोनदा, २ जुलै आणि १६ ऑगस्ट रोजी, त्याच काम्पोवर माती अंथरून होते. शहरात १७ कोन्त्रादा, म्हणजे आपापले निशाण, आपापले देवघर आणि पिढीजात वैर असलेल्या पेठा आहेत. त्यांपैकी १० पेठांचे घोडे एका वेळी धावतात. घोडा चिठ्ठ्या टाकून मिळतो, स्वार खोगिराविना बसतो, आणि स्वार पडला तरी घोडा पहिला आला तर ती पेठ जिंकते. तोरे या पेठेचे निशाण पाठीवर बुरूज वाहणारा हत्ती आहे. ते पाहताच आमची पेठ ठरून गेली.

शर्यतीपूर्वी घोड्याला पेठेच्या देवळात नेऊन आशीर्वाद देतात आणि ‘जा, जिंकून परत ये’ असे म्हणतात. माझे आजोबा बैलगाडा शर्यतीला निघण्यापूर्वी बैलांच्या कपाळाला हळद लावून थोडा वेळ हात तसाच ठेवत. देवळाच्या दाराबाहेर दाटीत उभा असताना मला तो हात आठवला. वळणांवर घोडे पडतात, त्यांना इजा होते, आणि हे चालू ठेवावे का, यावर आमच्यात त्या रात्री कडाक्याचा वाद झाला; मी आजही दोन्ही बाजूंनी विचार करतो.

जाणाऱ्यांसाठी एक गोष्ट महत्त्वाची आहे. चौकाच्या मध्यभागी उभे राहणे विनामूल्य असले, तरी वाटा बंद झाल्यावर काही तास बाहेर पडणे जवळपास अशक्य होते आणि सावलीही नसते. तीन फेऱ्यांची शर्यत दीड मिनिटाच्या आसपास संपते. ज्यांना गुडघ्याचा किंवा रक्तदाबाचा त्रास आहे, त्यांनी आधीच्या दिवसांतल्या सराव शर्यती पाहाव्यात.

पाच मित्रांपैकी गाडी चालवणारा, नाशिक

भाड्याची गाडी घेऊन मी थेट जुन्या शहरात शिरलो. पांढऱ्या वर्तुळाभोवती लाल कडा असलेली वाहनबंदीची पाटी दिसली होती. ती आपल्यासाठी नाही, असे मी गृहीत धरले. काही महिन्यांनी घरी दंडाची नोटीस आली, आणि गाडी देणाऱ्या कंपनीने माझी माहिती पोलिसांना कळवल्याचे शुल्क वेगळे कापून घेतले. पाचही जणांनी रक्कम न विचारता वाटून घेतली, हे लिहिणे मला आवश्यक वाटते. गाडी तटाबाहेर लावावी. सान्ता कातेरिना वाहनतळावरून सरकते जिने वरपर्यंत जातात.

गृहिणी, ठाणे

शाकाहारी माणसाची सिएनात उपासमार होत नाही. पिची हा हाताने वळलेला जाडसर पास्ता परंपरेने कणीक आणि पाण्याचाच असतो. टोमॅटो आणि लसणाच्या रशात तो मागावा, मात्र रशात मांस नाही हे विचारून घ्यावे. पानफोर्ते ही बदाम, मुरवलेली फळे, मध आणि मसाले यांची घट्ट वडी आहे. दुकानदाराने पातळ काप करून दिला तेव्हा दालचिनी आणि लवंगेचा वास आला, आणि खालच्या बाजूला कागद चिकटला आहे असे समजून मैत्रीण तो नखाने सोलू लागली. तो कागद नसून पिठाचा पापुद्रा असतो आणि तो खायचा असतो.

चौघी मैत्रिणी, पुणे

आम्ही मूळच्या पाच जणी. साठी झाली की सिएना ज्या प्रांतात आहे त्या टस्कनीला जायचे, हे पाचवीने ठरवले होते आणि वहीत सगळे लिहून ठेवले होते. ती २०२१ मध्ये कोविडने गेली. तिच्या मुलीने ती वही आम्हांला दिली. ‘सिएना : दोन रात्री, घाई नको’ असे तीत आहे, आणि सप्टेंबर महिनाही तिनेच निवडलेला होता, कारण कॅथीड्रलची संगमरवरी चित्रांची फरशी एरवी बराच काळ झाकलेली असते आणि उन्हाळ्याच्या अखेरीस उघडी करतात.

१३३९ मध्ये सिएनाकरांनी हे कॅथीड्रल इतके वाढवायचे ठरवले, की उभी असलेली इमारत नव्या मंदिराची केवळ आडवी भुजा ठरली असती. १३४८ मध्ये प्लेग आला, शहरातली माणसे फार मोठ्या संख्येने गेली, आणि पुढे ते काम सोडून द्यावे लागले. नव्या दर्शनी भागाची एकटी भिंत आजही उभी आहे. संग्रहालयातून चिंचोळ्या गोल जिन्याने आम्ही तिच्या माथ्यावर गेलो. दोघीच शेजारी उभ्या राहू शकतील एवढीच ती जागा होती, म्हणून आम्ही दोन-दोन करून उभ्या राहिलो आणि वही मागून पुढे दिली. खाली काम्पोवर दिवे लागत होते. तिने लिहिलेल्या सात ठिकाणांपैकी एकच राहिले होते : त्या साथीच्या आदल्या वर्षी, १३४७ मध्ये, जन्मलेल्या संत कॅथरिनचे घर. ते आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी, निघण्यापूर्वी पाहिले.