मदत हवी आहे: पुण्यात मराठी मंडळी (म्हणजे चर्च) शोधतेय, पण कायमची पाहुणी म्हणून नको

सर्वांना जय ख्रिस्त.

मी २६ वर्षांची, मूळची नेवासा तालुक्यातली. नोकरी हिंजवडीत, राहायला वाकडला पीजीत. रविवारी जायचं कुठे हा प्रश्न अजून सुटत नाहीये, म्हणून इथे विचारतेय. विश्वास वगैरे जागेवर आहे, प्रार्थना करते, वचन वाचते. ‘घरी बसून यूट्यूबवर उपासना बघ’ हा सल्ला कृपया नको. प्रश्न माणसांचा आहे.

गावची मंडळी लहान, चर्च अमेरिकन मराठी मिशनच्या काळातलं. शाळेत असल्यापासून मी तिथे पेटी वाजवायचे. नाताळच्या आधी पोरांचं नाटक बसवायचे. मेंढपाळ जास्त आणि चादरी कमी, ही दरवर्षीची बोंब. एखादा रविवार चुकला की दुपारी पाळकबाई (पास्टरांच्या बायको) दारात, “ताप आलाय का गं?” तेव्हा वैताग यायचा. इथे महिनाभर गेले नाही तरी कुणाला पत्ता नसतो.

पुण्यातल्या एका जुन्या मराठी चर्चमध्ये जाऊ लागले. नव्या माणसाला उभं राहून नाव सांगायला लावतात, तेही केलं. उपासना सुटल्यावर दारात दोन काकूंनी गाठलं. “आडनाव काय म्हणालीस? कुठल्या मंडळीची? नेवाशाचे ते हेडमास्तर तुमचे कोण?” आडनावावरून काय काय जोखतात हे आपल्या समाजात वेगळं सांगायला नको. ओळख काही लागली नाही. मग “घरचे बघताहेत का कुठे?” नाही म्हटल्यावर विषय संपला आणि काकूही पांगल्या. त्यांच्याकडे माणूस ओळखायच्या दोनच वाटा, नातं नाहीतर सोयरीक. तरुण संघात सगळी दहावी-बारावीची मुलं. मला ‘दीदी’ म्हणतात आणि गप्प बसतात. महिला मंडळीची सभा बुधवारी दुपारी, तेव्हा मी कामावर. लग्न न झालेल्या, नोकरी करणाऱ्या बाईने नेमकं कुठे बसायचं ते कुणी ठरवलेलंच नाही.

ऑफिसातल्या मैत्रिणीबरोबर एका इंग्रजी फेलोशिपलाही जाते. हॉटेलचा हॉल, दारात स्वागत, कॉफी, ड्रम, पडद्यावर गाण्याचे शब्द, सगळे माझ्याच वयाचे. पहिल्याच संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर घेतलं. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. पण लहान गटात मोठ्याने प्रार्थना करायची वेळ आली की माझी इंग्रजी प्रार्थना ऑफिसच्या मेलसारखी होते. मराठीत “हे स्वर्गीय पित्या” म्हटलं की पुढचं आपसूक येतं, तसं तिथे येत नाही. ना. वा. टिळकांचं एकही गीत तिथे कुणाला ठाऊक नाही. का असावं म्हणा.

आई फोनवर म्हणते, बायबलातलं इब्री १०:२५ वाच, एकत्र मिळणं सोडू नकोस. सोडत नाहीये, पण कुणाशी एकत्र?

तर विचारायचं असं: मराठी उपासना आणि पंचविशी-तिशीतली माणसं, दोन्ही असलेली मंडळी पुण्यात कुणाला माहीत आहे का? सभासदत्वाचं पत्र गावाहून हलवावं का? (आजीचा कडक विरोध आहे. तिचा मुद्दा, “उद्या तुला पुरायचं कुठं?”) आणि नव्या ठिकाणी आपणहून काम मागितलं तर आगाऊपणा दिसतो का?

प्रतिसाद १

बाळ, जय ख्रिस्त. मी बरीच वर्षं मंडळीच्या कमिटीत पंच होतो, तेव्हा आधी पत्राचं सांगतो. हलव. पत्र नाही तोवर तू कितीही वर्षं आलीस तरी यादीत पाहुणीच. वर्गणी नाही, वार्षिक सभेत मत नाही, आणि पाळकांच्या घरभेटींच्या यादीतही तुझं नाव लागत नाही. गावचे पाळक एका अर्जावर पत्र देतील. आजीला सांग, माणसं पुण्यातही पुरतात.

तुला परकं वाटतंय त्यात थोडा रीतीचाही भाग असेल. नगरकडची आपली मंडळी काँग्रिगेशनल वळणाची, साधी उपासना. पुण्यातली काही अँग्लिकन वळणाची. छापील उपासनाविधी, उभं कधी राहायचं, गुडघे कधी टेकायचे, सगळं ठरलेलं. १९७० मध्ये नागपूरला सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) स्थापन झाली तेव्हा हे सगळे कागदावर एक झाले, गुडघ्यांना अजून सवय व्हायचीय.

गुरुवार पेठेत पंचहौदच्या चर्चला एकदा जाऊन बघ, मराठी उपासना असते. वाकडहून लांब पडेल हे कबूल. आणि उपासना झाली की पळू नकोस, कुणी चहाला बोलावलं तर जा. त्याच पंचहौद मिशनात १८९० मध्ये पुढे आलेल्या चहावरून लोकमान्य आणि रानड्यांवर ग्रामण्य, म्हणजे जातबहिष्काराचं बालंट, आलं होतं. तुझ्यावर फारतर स्थळ येईल.

प्रतिसाद २

मी वसईचा, कॅथलिक. आमच्याकडे धर्मग्राम (पॅरिश) पत्त्यावरून ठरतो, त्यामुळे ही पत्राची भानगड नवीनच कळली. बाकी पुण्यात आल्यावर माझंही हेच झालं होतं. मिस्साला (रविवारच्या उपासनेला) जायचं, मागच्या बाकावर बसायचं, घरी. ओळखी मिस्सात होत नाहीत, गाण्याच्या सरावाला होतात. तिथे सूर चुकला की लोक आधी हसतात आणि मग नाव विचारतात. तुम्हाला पेटी येते आणि तुम्ही काम मागू का म्हणून विचारताय? डिसेंबरात वाजवणारं माणूस कुणाला नको असतं!

प्रतिसाद ३

फेलोशिप सोडू नका. मी सकाळी मराठी, संध्याकाळी इंग्रजी असं करते. दोन्हीकडच्या पास्टरांना ते पसंत नाही. सगळं एकाच छपराखाली मिळायला हवं हा हट्ट का?

काकूंना मात्र इतक्यात निकालात काढू नका. माझं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं तेव्हा फेलोशिपच्या ग्रुपवर हात जोडलेले इमोजी भरपूर आले. दवाखान्यात डबा घेऊन आल्या त्या “बघताहेत का कुठे” विचारणाऱ्या काकूच. डबा उघडता उघडता पुन्हा तेच विचारलं, ते वेगळं.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. काका, आज रात्रीच पाळकांना फोन करते, आजीचं काय ते मी बघते. काकूंबद्दल विचार करतेय, अजून पटलेलं नाही.

पेटीचं म्हणाल तर इथे कीबोर्ड आहे. वाजवणारा मुलगा प्रत्येक गीत काळी एकच्या खालच्या पट्टीत धरतो, त्यामुळे बायका खर्जात अडकतात आणि दुसऱ्या कडव्यापासून नुसते ओठ हलवतात. काळी चारला घेतलं तर सगळ्या गातील. हे सांगायचं कुणाला? पाळकांना की थेट त्या मुलाला?

प्रतिसाद २

थेट मुलाला, आणि सरावालाच गाठा. पाळकांना सांगितलंत तर ते कमिटीपुढे ठेवतील.