प्राग पायी फिरायचंय, आई सोबत आहे. वाट कशी आखू?

सप्टेंबरच्या शेवटी प्रागला तीन दिवस आहोत. आई ६७ वर्षांची, चालायची हौस दांडगी, पण गुडघे चढाला कुरकुरतात. बसमधून शहर बघायचं नाही असं तिनंच बजावलंय. वाट सुचवा.

रानवाट:
चढ टाळायचा असेल तर उलटं चाला. बहुतेक जण नदीकाठून किल्ल्याकडे चढतात आणि वर पोचेपर्यंत दमतात. तुम्ही २२ नंबरची ट्राम धरून पोहोर्झेलेत्सला उतरा. तिथून किल्ला आणि मग नेरुदोवा रस्ता, बहुतेक उतारच. मात्र उतारही गुडघ्यांना लागतो, तेव्हा काठी न्या आणि जाड तळाचे बूट घाला. सगळीकडे दगडी फरसबंदी आहे, चपला नकोतच.

नेरुदोवावर घाई करू नका. दारांवर चित्रं दिसतील: तीन व्हायोलिनं, दोन सूर्य. १७७० मध्ये घरांना नंबर मिळाले, त्याआधी हाच पत्ता असायचा. आता दारावर दोन पाट्या असतात, लाल आणि निळी. निळी रस्त्यातल्या क्रमाची, लाल घराच्या नोंदणीची. हे माहीत नसल्यानं मी चुकीच्या दारापुढे बॅगा घेऊन अर्धा तास उभी होते.

उंबरठा:
रानवाट यांच्याशी सहमत, फक्त चार्ल्स पूल त्याच फेरीत उरकू नका. दुपारी तिथं गर्दीत पाय ठेवायला जागा नसते. एक दिवस सातच्या आत पोचा, सूर्य त्याच सुमाराला उगवतो. १३५७ साली बांधायला घेतलेला पूल, दोन्ही कठड्यांवर मिळून ३० मूर्ती, खाली व्ल्तावा नदी. नेपोमुकच्या संत जॉनच्या चौथऱ्यावरचे पितळी भाग हात लावून लावून सोन्यासारखे चकाकतात, बाकीचं सगळं काळवंडलेलं. १३९३ मध्ये त्याला याच पुलावरून नदीत फेकलं होतं. मी तिथं उभा असताना एक आजी आल्या, हात टेकवला, डोळे मिटले आणि पिशवी उचलून कामाला निघून गेल्या. मला प्रागमधलं तेवढंच लख्ख आठवतं.

पाणवठा:
आईंना पंचांगाची आवड आहे का? मग जुन्या चौकातलं १४१० चं घड्याळ नीट दाखवा. दर तासाला बाहुल्या हलतात तेव्हा सगळे वर बघतात, पण खरी गंमत तबकडीत आहे. त्यावर राशींचं चक्र आहे, आणि बाहेरच्या कड्यावरचे तास सूर्यास्तापासून मोजलेले. आपल्याकडे वार सूर्योदयाला बदलतो, इथं जुन्या हिशेबात दिवस मावळतीला सुरू व्हायचा. बाहुल्या थांबल्या की गर्दी पांगते, तेव्हा पुढं जा.

तिसऱ्या दिवशी विशेहरादचा जुना गड. मेट्रोच्या सी मार्गाचं स्टेशन आहे, तिथून रस्ता जवळपास सपाट. तटावरून नदीचं वळण दिसतं, आणि शेजारच्या दफनभूमीत द्वोरझाक आणि स्मेताना या संगीतकारांच्या कबरी आहेत.

प्रश्नकर्ती:
आईला वाचून दाखवलं. राशींचं ऐकून ती आत गेली आणि चष्म्याचा नवा नंबर काढायला कधी जायचं विचारतेय. ट्राम २२ लिहून घेतली. पहाटेचा पूल पहिल्याच दिवशी ठेवते, झोप तशीही लागणार नाही.