मोमिनाबादचा रिसाला निजामाचा होता की इंग्रजांचा?

बालाघाट_वाचक:
अंबाजोगाईचं नाव मोमिनाबाद असताना तिथल्या छावणीत रिसाला, म्हणजे घोडदळाची पलटण होती. पैसा निजामाचा, वरचे अधिकारी इंग्रज, मग हुकूम कोणाचा? जुन्या कागदांत शिलेदार, बारगीर, असामी असे उल्लेख येतात. हा कारभार प्रत्यक्षात कसा चालायचा? आणि पहिल्या महायुद्धात हैफाच्या (आज इस्रायलमध्ये) लढाईतले हैदराबाद लान्सर्स, म्हणजे भालाईत स्वार, ते हेच का?

दप्तरी:
हुकूम रेसिडेंटचा, म्हणजे निजामाच्या दरबारातल्या इंग्रज प्रतिनिधीचा. १८५३ च्या तहाने 'हैदराबाद कंटिंजंट' ही निजामाच्या खर्चाची, इंग्रजांच्या हुकमातली फौज ठरली: किमान ५,००० पायदळ, २,००० स्वार आणि चार तोफखाने. तिच्या खर्चापोटी वऱ्हाड, रायचूर दुआब आणि आपला धाराशिव-नळदुर्गचा मुलूख इंग्रजांनी ताब्यात घेतला. धाराशिव आणि रायचूर १८६० साली परत मिळाले, वऱ्हाड कायमचं गेलं. फौजेचा खर्च निजामाच्या मुलखातून निघायचा, पण त्या फौजेला एक कूच करायला लावण्याचीही निजामाला मुभा नव्हती. हा अन्याय नीट कळल्याशिवाय या रिसाल्याचा इतिहास कळत नाही.

कागदाचा काळ पलटणीच्या नावावरून ठरवा. नुसतं 'निजामाचं घोडदळ' आणि खाली इंग्रज कप्तानाची सही असेल, तर तो १८५३ च्या आधीचा. 'हैदराबाद कंटिंजंट' असेल तर १८५३ ते १९०३. पुढे हेच रिसाले हिंदी फौजेत २०वी डेक्कन हॉर्स, २९वी आणि ३०वी लान्सर्स झाले. १९२१ मध्ये २०वी आणि २९वी एकत्र आल्या. आजची रणगाड्यांची डेक्कन हॉर्स त्यांचीच वारस.

पागेवाला:
शिलेदारीचं सांगतो. असामी म्हणजे रिसाल्यातली एक जागा, घोड्यासकट. घोडा, खोगीर, कपडे, तलवार हे सगळं शिलेदाराचं. बंदूक आणि दारूगोळा सरकारचा. भरती होताना रक्कम भरायची, नोकरी सोडताना ती परत मिळायची. जवळ पैसे नसतील तर पलटणीच्या निधीतून कर्ज मिळे आणि ते पगारातून फिटेपर्यंत कापलं जाई. दोन स्वारांमागे एक गवत कापणारा आणि एक तट्टू, तेही स्वारांच्याच खर्चाने.

एकाच शिलेदाराकडे अनेक असामी असत. त्या घोड्यांवर तो बारगीर, म्हणजे स्वतःचा घोडा नसलेले स्वार बसवायचा, पगार स्वतः उचलायचा आणि त्यातला हिस्सा बारगिराला द्यायचा. म्हणून यादीत एका नावापुढे बरेच घोडे दिसले तर ती नक्कलनविसाची चूक समजू नका.

घोडा मेला तर? दरमहा प्रत्येकाकडून 'चंदा' कापला जाई, त्यातून नवा घोडा. शांततेच्या काळात हे उत्तम चाले. मोठ्या मोहिमेत घोडे एकदम मरू लागले की चंदा आटायचा आणि स्वार कर्जात बुडायचा. पहिल्या महायुद्धात हा हिशेब पार कोलमडला. फ्रान्सच्या आघाडीवर बदली घोडे आणि सामान पुरवणं पलटणीच्या निधीच्या आवाक्याबाहेर होतं, ते सरकारलाच करावं लागलं. १९२१ मध्ये शिलेदारी बंद झाली.

बालाघाट_वाचक:
खूप उलगडा झाला. १८५७ मध्ये औरंगाबादेत उठलेले स्वार मोमिनाबादहूनच आले होते का?

दप्तरी:
हो. कंटिंजंटचा पहिला रिसाला त्या वर्षी मोमिनाबादहून औरंगाबादला हलवला होता. आपल्याला दिल्लीच्या बादशहाविरुद्ध नेणार, ही बातमी पसरली. निजामाच्या हद्दीबाहेर आम्ही जाणार नाही, असं स्वारांचं म्हणणं होतं. जूनमध्ये जनरल वुडबर्न पुण्याकडची फौज घेऊन आला, छावणीवर तोफा लावल्या आणि पकडलेल्यांना देहदंड दिला. क्रांती चौकातला काळा चबुतरा त्यांचाच. जमादार चिदा खान काही साथीदारांसह हैदराबादला निसटला, तिथे पकडला गेला. त्यांना सोडवा या मागणीतूनच १७ जुलैला तुर्रेबाझ खान आणि मौलवी अलाउद्दीन यांनी रेसिडेन्सीवर, म्हणजे रेसिडेंटच्या कोठीवर चाल केली. औरंगाबादचं बंड आणि रेसिडेन्सीवरचा हल्ला आपल्याकडे वेगवेगळे शिकवले जातात. ते एकत्रच शिकवले पाहिजेत.

त्याच कंटिंजंटचे दुसरे रिसाले १८५८ मध्ये ह्यू रोजबरोबर झाशी-काल्पीच्या मोहिमेत इंग्रजांकडून लढले, हेही लपवू नये.

पागेवाला:
हैफाचं राहिलं. ते लान्सर्स वेगळे. ती निजामाची स्वतःची, साम्राज्यसेवेसाठी म्हणजे इंग्रज साम्राज्याच्या मदतीला ठेवलेली पलटण, कंटिंजंटशी तिचा संबंध नाही. १५व्या साम्राज्यसेवा घोडदळ ब्रिगेडमध्ये हैदराबाद, म्हैसूर आणि जोधपूर असे तिघे होते, म्हणून दिल्लीच्या तीन मूर्ती स्मारकावर तिघांचे पुतळे आहेत. पण २३ सप्टेंबर १९१८ ला हैफावर चाल केली ती जोधपूर आणि म्हैसूरच्या स्वारांनी. हैदराबादवाल्यांकडे तेव्हा कैद्यांना मागे पोहोचवण्याचं काम होतं. मोमिनाबादच्या रिसाल्याची वंशावळ शोधायची असेल तर १४ जुलै १९१६ बघा. फ्रान्समध्ये सोमच्या लढाईत हाय वूडजवळ २०व्या डेक्कन हॉर्सने इंग्रजांच्या ७व्या ड्रॅगून गार्ड्स घोडदळाबरोबर भाले घेऊन हल्ला चढवला होता.