वार्षिकांकांत न सापडणारी माणसे

अमेरिकेतल्या एखाद्या विद्यापीठातला कृष्णवर्णीयांचा इतिहास जुन्या वार्षिकांकांपासून शोधावा, असे सुचवले जाते. पण त्यांत विद्यार्थीच सापडतील, ज्यांच्या श्रमावर संस्था उभी राहिली ती माणसे नाहीत. वॉशिंग्टनमधल्या जॉर्जटाउन विद्यापीठाचेच घ्या. १८३८ मध्ये ते चालवणाऱ्या मेरीलँडच्या जेझुइटांनी (कॅथलिक धर्मगुरूंचा एक संघ) २७२ गुलाम लुइझियानात विकायला काढले आणि त्या पैशातून कॉलेजचे कर्जही फेडले.

त्यांचा माग काढताना १८५० आणि १८६० च्या जनगणनेतल्या गुलामांच्या याद्यांवर विसंबलात तर अडाल. तिथे नाव मालकाचे. गुलामाचे फक्त वय, लिंग, वर्ण. मुक्त झालेल्यांची नावे १८७० च्या जनगणनेत आहेत, तिथून मागे या, मग बाप्तिस्म्याच्या नोंदी, विक्रीकरार आणि जहाजांच्या याद्या लावा. या गुलामांना लुइझियानाला नेणाऱ्या ‘कॅथरीन जॅक्सन’ या जहाजाच्या यादीत नाव, वय, उंचीसुद्धा मिळते.

आडनावाचे स्पेलिंग कारकुनागणिक बदलते, वयही अंदाजे लिहिलेले असते. म्हणून एकट्या नावावरून जुळणी करू नका. आई, मुले आणि वयांतले अंतर एकत्र जुळले तरच व्यक्ती तीच माना. मूळ स्पेलिंग जसेच्या तसे उतरवा, प्रमाण रूप वेगळ्या रकान्यात. आणि वंशजांना पहिल्या दिवसापासून सोबत घ्या: घरातल्या बायबलमधल्या जन्ममृत्यूच्या नोंदी बहुधा अभिलेखागारात नसतात.